‘ऑल बट डन’ म्हणजे झालंय की नाही झालंय? (बटचं नक्की काय आहे?)

खिडकीपाशी
मंडळी, कित्येक महिने वाचनमात्र होते, आज राहवलं नाही म्हणून लिहितेय. ऑफिसातला घोळ आहे, कंपनीचं नाव विचारू नका. आमचं एक काम इंग्लंडातल्या क्लायंटकडे साइन-ऑफसाठी, म्हणजे शेवटच्या मंजुरीसाठी, अडकलं होतं. सोमवारी त्यांच्याकडच्या बाईंचा एका ओळीचा मेल आला, ‘द साइन-ऑफ इज ऑल बट डन’. मी वाचलं, म्हटलं चला सुटलो, आणि चहाला गेले. परत येते तर आमच्या लीडने तोवर पार वरपर्यंत मेल ठोकलेला, की बाकी सगळं झालंय पण साइन-ऑफ काही दिलेला नाही, क्लायंट अडवून धरतोय. लाल अक्षरात. मग एक कॉल, त्यावर अजून एक कॉल, त्या बाई बिचाऱ्या गोंधळलेल्या की आपण चांगली बातमी दिली तर ही माणसं चिडली का. मी लीडना हळूच म्हटलं, सर, ऑल बट डन म्हणजे झाल्यातच जमा. तर ते म्हणाले, ‘बट म्हणजे पण ना? शाळेपासून तेच शिकलोय. सगळं, पण, झालं. यात झाल्यातच जमा कुठून काढलंस?’

आणि खरं सांगते, मला उत्तर देता आलं नाही. अर्थ माहितीये, तो तसा का होतो ते माहिती नाही. घरी आले तर लेकीच्या वहीत ‘ही इज बट अ चाइल्ड’, आणि तिने खाली भाषांतर केलेलं, ‘तो पण एक मूल आहे’. आठवीत आहे. हसू पण येईना आणि चूक नक्की कुठे आहे ते पण सांगता येईना. तर या बटचं काय आहे ते कुणीतरी नीट सांगा.

चहाबाज
धागा ऑल बट वाचला. म्हणजे शीर्षक वाचलं.

शाळामास्तर
ताई, दोष तुमच्या लीडचा नाही, आमचा आहे, म्हणजे मास्तर लोकांचा. बट म्हणजे पण असं आम्ही फळ्यावर एकदा लिहितो, पोरं ते पाठ करतात आणि मग आयुष्यभर जिथे बट दिसेल तिथे पण चिकटवत सुटतात. मी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यातली पहिली दहा मीही हेच पाप केलं.

नंतर नंतर मी पोरांना एक साधी युक्ती द्यायला लागलो. पण बसत नसेल तर तिथे ‘सोडून’ घालून बघा. कोर्टातली शपथ घ्या, ‘नथिंग बट द ट्रुथ’, सत्य सोडून दुसरं काही नाही. ‘ऑल बट टू’, दोघं सोडून सगळे. ‘द लास्ट बट वन’ म्हणजे एक सोडून शेवटचा, आपण शेवटून दुसरा म्हणतो तो. ‘बट फॉर यू’ म्हणजे तुला वगळलं असतं तर, तू नसतास तर. ‘आय कॅनॉट बट लाफ’, हसण्यावाचून दुसरं काही करताच येत नाही. एकाही ठिकाणी पण बसत नाही, सोडून बसतं. तुमच्या लेकीच्या वाक्यात जरा लांबचं वळण आहे. जुन्या काळी तिथे एक नकार असायचा, ‘तो पोर सोडून दुसरं काही नाही’, पुढे तो नकार गळला आणि बट एकटाच ‘नुसता, फक्त’ या अर्थाने उरला. म्हणून ‘तो नुसतं पोर आहे हो’. तिला लाल शाई मारू नका, गुण द्या. पणला दोन अर्थ असतात हे तिने ओळखलं, फक्त चुकीचा उचलला.

खिडकीपाशी
सर, तुमची युक्ती भारी आहे. पण मग ऑल बट डन म्हणजे ‘डन सोडून सगळं’. असं म्हटलं तर आमचे लीड बरोबरच ठरले की!!

शब्दखोर
शब्दाला धरून बघाल तर तुमचे लीड बरोबरच आहेत, गंमत तीच आहे. डन सोडून सगळं झालंय, म्हणजे डनच्या अलीकडच्या जेवढ्या पायऱ्या आहेत तेवढ्या चढून झाल्यात, दारात उभे आहोत, फक्त आत पाय टाकायचा राहिलाय. आता यात राहिलेल्या एका पायरीकडे बघायचं की चढून आलेल्या जिन्याकडे? इंग्रज जिन्याकडे बघतो, म्हणून त्याच्या दृष्टीने ‘जवळजवळ झालं’. तुमचे लीड राहिलेल्या पायरीकडे बघत बसले.

आता मुळाकडे येतो, मला तेच लिहायची खाज आहे. बट हा मुळात एक शब्दच नाही, दोन शब्दांचा आटून आटून झालेला गोळा आहे. नॉर्मन लोक १०६६ मध्ये इंग्लंडात उतरले त्याच्या आधीची जी जुनी इंग्रजी, तिच्यात हा ‘बूटन’ असा होता. त्यातला पहिला तुकडा ‘बि’, म्हणजे आजचा बाय, आणि दुसरा ‘ऊटन’, बाहेरून, ज्यात आजचा आउट सरळ दिसतोय. म्हणजे बूटन म्हणजे बाहेरच्या अंगाला. बटच्या पोटात आउट बसलाय, एवढं लक्षात ठेवलं की बाकीचं आपोआप उलगडतं. बाहेर ठेवलेली गोष्ट म्हणजे वगळलेली गोष्ट, म्हणून ‘सोडून’. जी बाहेर ती हाताशी नाही, म्हणून ‘शिवाय, विना’.

आणि ‘सोडून’चा ‘पण’ कसा झाला ते तर मराठीतही करून बघता येतं. ‘सगळे आले, बंड्या सोडून.’ आता हेच जरा लांबवा, ‘सगळे आले, बंड्या सोडून, तो आला नाही.’ अजून जरा ढिलं करा, ‘सगळे आले, पण बंड्या आला नाही.’ काय बदललं? सांगितलं तेच. फक्त आधी एक माणूस यादीच्या बाहेर होता, आता एक अख्खं वाक्य आधीच्या वाक्याच्या बाहेर उभं राहिलं. इंग्रजी बट बरोब्बर याच वाटेने गेला, फक्त त्याला काही शतकं लागली.

मग त्याच्या आधी ते लोक पण कसा म्हणत होते? त्यांच्याकडे वेगळा छोटा शब्द होता, ‘अक’. रोजच्या वापरातला. बट बाहेरून आला आणि याच्या जागेवर बसला. चौदाव्या शतकातल्या काही इंग्रजी कवितांत अक अजून भेटतो, नंतर गेला तो गेलाच. आज इंग्लंडात कुणाला विचारलं तर त्याला ठाऊकही नसेल.

जाता जाता, ‘अबाउट’ हा बटचा सख्खा नातेवाईक आहे. ‘ऑनबूटन’ पासून आलेला. एखाद्या गोष्टीच्या बाहेरच्या अंगाने, म्हणजे तिच्या सभोवती. आता परत वाचा, अ-बाउट. दिसला ना आत?

चहाबाज
दिसला. आता मला सगळीकडे आउट दिसतोय. क्रिकेट बघू की नको.

आयंडहोवनकर
अरे हो!!! मी सात वर्षं नेदरलँड्समध्ये राहतोय आणि हे कधीच जोडून बघितलं नव्हतं. डचमध्ये ‘बाउटन’ म्हणजे बाहेर. बाहेर म्हणजे बाहेर, खिडकीच्या बाहेर, गावाच्या बाहेर. परदेश म्हणजे ‘बाउटनलांट’, बाहेरचा देश. आणि आमच्या ऑफिसातलं कॉफी मशीन महिन्यातून एकदा तरी बंद असतं, त्यावर कागद चिकटवलेला असतो, ‘बाउटन खब्राउक’, वापराच्या बाहेर. म्हणजे मी सात वर्षं त्या कागदावर बटचा सख्खा भाऊ वाचतोय आणि मनातल्या मनात मशीनला शिव्या घालतोय.

पण डच लोक पणला बाउटन म्हणत नाहीत, ‘मार’ म्हणतात. (दीर्घ मा. आपला मार नव्हे. सुरुवातीला मीटिंगमध्ये दर वाक्याला कुणीतरी मार मार म्हणतंय म्हणून मी दचकायचो.) तो कुठून आला ते मला आमच्या भाषेच्या क्लासमधल्या बाईंनी सांगितलं होतं. जुन्या डचमध्ये ‘ने वारे’, म्हणजे ‘नसतं तर’. ते घासून घासून मार झालं. आणि ऐका, या मारचा दुसरा अर्थ ‘फक्त’. ‘हेट इज मार अन किंट’ म्हणजे ते नुसतं पोर आहे. धाग्यातल्या लेकीचं वाक्य शब्दाला शब्द!! म्हणजे दोन वेगळ्या मुळांचे शब्द, आणि दोघांनाही तेच दोन अर्थ, पण आणि फक्त. हा योगायोग आहे का?

मोडीवाचक
योगायोग नाही. धागाकर्तीने पहिल्याच ओळीत स्वतःबद्दल काय लिहिलंय ते बघा, ‘वाचनमात्र’. इथे मात्र म्हणजे फक्त, नुसतं वाचन. आता म्हणा, ‘सगळे लिहितात, ती मात्र लिहीत नाही’. इथे मात्र म्हणजे पण. संस्कृतात मात्र म्हणजे माप, तेवढंच. ‘तेवढंच’ वरून ‘फक्त’ आणि ‘फक्त’ वरून ‘पण’. ‘घर झकास आहे, फक्त पाणी येत नाही’ या वाक्यातला फक्त काय करतोय? पणचंच काम करतोय. डच मार आणि आपला मात्र एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण चालले त्याच पायवाटेने.

आता ‘बाहेर’ वाल्या वाटेचं मराठी उदाहरण देतो. मी जुनी कागदपत्रं वाचतो, त्यात हिशेबाच्या कागदांत ‘खेरीज’ सारखा भेटतो. अमुक बाब खेरीज करून बाकी जमा, वगैरे. हा खेरीज आला फारसीतून, फारसीत आला अरबीतून, आणि तिथे ‘खारिज’ म्हणजे बाहेरचा, बाहेर पडलेला. कोर्टात अर्ज खारीज होतो तो हाच, अर्ज बाहेर काढला. बाहेर, मग वगळून. बूटनची वाट आणि खेरीजची वाट तंतोतंत एक. फक्त खेरीज ‘सोडून’ वर थांबला, बट पुढे ‘पण’ पर्यंत गेला.

आणि खेरीजचा जोडीदार शिवाय बघा, तोही अरबीतूनच आलेला. ‘तुझ्याशिवाय करमत नाही’ मध्ये तो विना आहे, सोडून आहे. पण वाक्याच्या सुरुवातीला टाका, ‘शिवाय, भाडं वाढवलंय’. इथे तो ‘आणखी’ झाला! म्हणजे ‘सोडून’ पासून निघालेला इंग्रजीतला शब्द ‘पण’ च्या घरी पोचला आणि मराठीतला शब्द ‘आणि’ च्या घरी. मला हे फार आवडतं. ज्याला बाहेर ठेवलं त्याच्याकडे वजाबाकी म्हणून बघायचं की बेरीज म्हणून, एवढाच फरक.

ग्रॅनाईट_सिटी
बाहेरवरून आठवलं, इथे स्कॉटलंडमध्ये बट ही चक्क खोली आहे. खोटं नाही सांगत. जुन्या पद्धतीच्या दोन खोल्यांच्या बैठ्या घराला इथे ‘बट अँड बेन’ म्हणतात. दारातून आत आलं की पहिली खोली ती बट, बाहेरची, आणि तिच्यातून पलीकडे गेलं की बेन, आतली. बेन आला ‘बिनन’ वरून, म्हणजे बि अधिक इनन, आत. बट आणि बेन, आउट आणि इन. आपली ओसरी आणि माजघर म्हणा ना. फक्त उलटं असं की यांची चूल बाहेरच्या खोलीत, बटमध्ये, आणि आतली खोली जरा नीटनेटकी, पाहुण्यांसाठी ठेवलेली.

आमच्या शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत. मी पहिल्यांदा त्यांच्या दारात डबा घेऊन उभी राहिले तर त्या आतून ओरडल्या, ‘कम बेन, कम बेन’. मला वाटलं घरात बेन नावाचं कुणीतरी आहे, त्याला बोलावतायत. मी आपली बाहेर उभी. थंडीने काकडले, मग त्याच आल्या आणि हाताला धरून आत नेलं. तेव्हा कळलं की बेन मीच होते, म्हणजे मला आत ये म्हणत होत्या.

अजून एक. इथल्या मॅकिंटॉश आणि मॅकफर्सन घराण्यांचं ब्रीदवाक्य आहे, ‘टच नॉट द कॅट बॉट अ ग्लव्ह’. हा बॉट म्हणजे बट. आजचा अर्थ लावला तर ‘मांजराला हात लावू नका पण हातमोजा’, काहीच्या काही. जुना अर्थ लावा, हातमोज्याशिवाय मांजराला हात लावू नका. आणि मांजर म्हणजे सोसायटीतलं नव्हे, रानमांजर, चिन्हावर पंजा उगारून बसलेलं असतं.

आयंडहोवनकर
डचमध्ये पण आत म्हणजे बिननच!! दार वाजवलं की आतून ओरडतात, ‘बिनन’. तुमच्या आजी आणि माझी घरमालकीण सेम वाक्य बोलतात.

कोल्लापुरी_तिखट
ते सगळं ठीक हाय खरं आमच्याकडं पण म्हणत न्हाईत. (वरच्या वाक्यात म्हटलोय ते बघा.) कोल्हापूर, बेळगाव साईडला ‘खरं’ हाच पण असतोय. ‘येतो म्हणाला खरं आला न्हाई.’ पुण्यात इंजिनिअरिंगला असताना मी रूममेटला म्हटलो, ‘पैसे हाईत खरं देणार न्हाई’, तर तो म्हणतोय ‘खरंच आहेत?’ अरे बाबा खरं म्हणजे पण. अर्धा तास गेला. आता या धाग्याच्या हिशेबानं बघितलं तर ह्याची पण वाट कळती. ‘येतो म्हणाला, हे खरं.’ आधी समोरच्याचं कबूल करायचं आणि मग आपला हिसका द्यायचा. कबुलीचा शब्दच पुढं हिसक्याचा झाला.

आणि माझी आजी कन्नड बोलायची, तिचा पण म्हणजे ‘आदरे’. सरळ अर्थ ‘झालं तर’.

तर्कटपंथी
माझा एक प्रश्न. आपला पण हा परंतुचा शॉर्टकट आहे ना? परंतु, परं, पण. इतका साधा आहे तर एवढा काथ्याकूट कशाला.

मोडीवाचक
नाही हो. परंतु म्हणजे परम् अधिक तु, तो तत्सम, जसाच्या तसा उचललेला. पण आला ‘पुनः’ पासून. संस्कृतात पुनः म्हणजे पुन्हा, परत, आणि शिवाय ‘उलटपक्षी’ असाही अर्थ त्याला तिथेच होता. प्राकृतात त्याचं पुण झालं आणि मराठीत पण. म्हणजे पण आणि पुन्हा हे एकाच आईचे. ‘पुन्हा, हेही बघ’ असं म्हणता म्हणता ते ‘पण हेही बघ’ झालं. इंग्रज नाही का ‘बट देन अगेन’ म्हणत, त्यात अगेन काय करतोय? लेकीने लिहिलेल्या ‘तो पण’ मधला पण तोही हाच, आणखी या अर्थाचा. गुजरातीत तर ‘हुं पण आवीश’ म्हणजे मीसुद्धा येईन आणि वाक्याच्या सांध्यावर तोच पण म्हणजे परंतु.

पैजेचा पण आणि बालपणातला पण यांचा याच्याशी काही संबंध नाही, तो पुढचा प्रश्न यायच्या आत सांगून टाकतो. आणि मराठीत पणच्या आधी राज्य ‘परि’ चं होतं. ज्ञानेश्वरांची ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें, परि अमृतातेंही पैजां जिंके’ ही ओळ आठवा, तेराव्या शतकाच्या शेवटची. तो परि आता फक्त कवितेत उरलाय, इंग्रजांच्या अकसारखी त्याचीही जागा दुसऱ्याने घेतली.

मडगांवचो_पाव
आमगेर अजून ‘पूण’ च म्हण्टात. तो आयलो, पूण रावलो ना. त्या पुणमधला उकार आम्ही सांभाळून ठेवलाय, तुम्ही हरवलात. दिवे घ्या.

आणि पोर्तुगीज ‘मश’ म्हणजे पण, तो लॅटिन ‘मागिस’ वरून, ज्याचा अर्थ जास्त, अधिक. फ्रेंच ‘मे’ पण तिथूनच. म्हणजे त्यांचा पण हा अधिकमधून आलाय. कुणाचा बाहेरून, कुणाचा फक्तमधून, कुणाचा पुन्हामधून, कुणाचा खरंमधून. पणला स्वतःचं घर म्हणून नाहीच.

नल_पॉइंटर
मी कोडवाला माणूस, मला वेगळाच प्रश्न पडतो. प्रोग्रामिंगमध्ये अँड आहे, ऑर आहे, नॉट आहे. बट नाही. कधी लागलाच नाही. कारण ‘पाऊस पडतोय आणि मी छत्री आणली नाही’ आणि ‘पाऊस पडतोय पण मी छत्री आणली नाही’ ही दोन्ही वाक्यं एकाच परिस्थितीत खरी ठरतात. मशीनला दोन्ही सारखीच. म्हणजे पण म्हणजे आणि, वर थोडा मसाला.

शब्दखोर
हे फ्रेग या जर्मन तर्कशास्त्रज्ञाने १८७९ मध्येच लिहून ठेवलंय. त्याने तर्काची चिन्हांची भाषा तयार केली, त्यात आणि व पण यांना एकच चिन्ह पुरतं असं म्हणाला, पण वापरतो तेव्हा बोलणारा फक्त एवढं सुचवतो की पुढचं तुम्हाला अनपेक्षित वाटेल. नंतर ग्राइस नावाच्या तत्त्वज्ञाने तोच मसाला नीट तपासला. त्याचं उदाहरण ‘ती गरीब होती पण प्रामाणिक होती’. कुणी असं म्हटलं तर तो गरिबीबद्दल काय समजतो ते त्या एका पणमधून बाहेर पडतं. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील, तरी ऐकणाऱ्याला तो पण खुपतो.

शाळामास्तर
वा, मग आपल्या नोटीस लिहिणाऱ्यांना मानलं पाहिजे. शिष्यवृत्तीच्या सगळ्या जाहिरातींत वर्षानुवर्षं काय लिहितात? ‘गरीब व होतकरू विद्यार्थी’. व! गरीब पण होतकरू नाही. ज्याने कुणी पहिल्यांदा लिहिलं त्याला फ्रेग बिग ठाऊक नसणार, पण माणसाची बूज होती.

मराठी व्याकरणात पणला काय म्हणतात आठवतंय का कुणाला? न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यय. न्यूनत्व दाखवणारं, पहिल्या वाक्यात काहीतरी कमी आहे असं सांगणारं. आणि त्या यादीत पण, परंतु, परी यांच्या सोबत कोण बसलंय? ‘बाकी’! म्हणजे हिशेबातली शिल्लक. मी इतकी वर्षं ती यादी घोकून घेतली आणि बाकी तिथे काय करतेय हा विचार आज पहिल्यांदा केला.

आणखी एक गोष्ट राहिली, भाषांतर करणाऱ्यांनी तरी वाचाच. इंग्रजीत ‘नॉट अ डॉक्टर बट अ लॉयर’ असं असतं तिथे पण चालतच नाही. ‘तो डॉक्टर नाही पण वकील आहे’ म्हटलं की वेगळंच होतं, म्हणजे डॉक्टर नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका, निदान वकील तरी आहे. इथे मराठीला ‘तर’ लागतो. डॉक्टर नव्हे तर वकील. इंग्रजी एका बटवर दोन्ही कामं भागवते, आपण दोन माणसं ठेवलीयेत. जर्मनांनीही दोन ठेवलीयेत, ‘आबर’ आणि ‘झोन्डर्न’. वर्तमानपत्रात हल्ली ‘हा केवळ विजय नाही पण इतिहास आहे’ असली वाक्यं दिसतात ना, ती वाचली की मला अजून लाल पेन शोधावंसं वाटतं.

शब्दखोर
सर, तो झोन्डर्न म्हणजे मुळात ‘वेगळं, बाजूला काढलेलं’. परत बाहेरच!

चहाबाज
ते राहू दे. मला कुणीतरी सांगा, बी यू टी बट, तर पी यू टी पट का नाही? पाचवीपासून अडलोय. मास्तरांना विचारलं तर छडी मिळाली, उत्तर नाही.

शाळामास्तर
मी नव्हतो ना तो?

शब्दखोर
छडी नको, उत्तर घ्या. आधी दोन्हीत ‘उ’ च होता, बुट आणि पुट, यमक जुळायचं. सतराव्या शतकाच्या सुमारास दक्षिण इंग्लंडातल्या लोकांच्या तोंडात हा ऱ्हस्व उ पसरट होऊन अ कडे सरकला, कट, मड, बट. पण आजूबाजूला प, ब, फ सारखी ओठ मिटणारी अक्षरं असली की काही शब्दांत तो उ टिकला, पुट, पुल, फुल, बुश. ब तर बटच्याही मागे होता, तरी तो निसटला, असे बदल सगळ्यांना एका ओळीत उभं करून होत नाहीत. आणि उत्तर इंग्लंडात, लीड्स-मँचेस्टरकडे, हा बदल पोचलाच नाही. तिकडची माणसं आजही बटला बुट म्हणतात, पुटशी यमक जुळवून. म्हणजे तुम्ही लीड्सला जन्मला असता तर छडी वाचली असती.

ब्रिस्बेनची_वहिनी
फार छान चाललाय धागा. ऑस्ट्रेलियातली गंमत सांगते. इथे आल्यावर पहिल्या वर्षी मुलाच्या शाळेतल्या एका आईशी बोलत होते, नवीन पोहण्याच्या क्लासबद्दल. ती म्हणाली, ‘इट्स अ बिट फार. गुड टीचर, बट.’ आणि गप्प. मी पण गप्प, म्हटलं बटच्या पुढे काहीतरी येणार, टीचर चांगला आहे पण काय? मारतो? पैसे जास्त घेतो? ती बाई माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे. शेवटी ती गेली. मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं त्या क्लासला नको घालायला, काहीतरी भानगड आहे, ती बोलता बोलता थांबली.

नंतर कळलं की क्वीन्सलँडमध्ये वाक्याच्या शेवटी बट टाकायची पद्धतच आहे. लांब आहे जरा, टीचर चांगला आहे पण. संपलं वाक्य. ‘तसं असलं तरी’ एवढाच त्याचा अर्थ. स्कॉटलंडात पण बोलतात म्हणे असं, ग्रॅनाईटताईंनी सांगावं.

ग्रॅनाईट_सिटी
बोलतात की. ग्लासगोकडे तर सर्रास. आणि वहिनी, आपण मराठीत हेच करतो ना! ‘छान झालीये भाजी पण.’ ‘तू येशील ना पण?’ इंग्रजीत ऐकलं की आपण पुढच्या वाक्याची वाट बघत बसतो, मराठीत आपल्याला कळतही नाही की पण शेवटी आलाय.

तर्कटपंथी
इतक्या चर्चेनंतर एक सांगा, मूळ मेलचं भाषांतर नक्की काय करायचं? एका ओळीत.

शाळामास्तर
‘साइन-ऑफ झाल्यातच जमा आहे.’ ताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये केलंय. जमा, बाकी, खेरीज, सगळा हिशेबाच्या वहीतलाच कारभार आहे हा, आता लक्षात येतंय.

खिडकीपाशी
बाप रे, किती लिहिलंत सगळ्यांनी. लेकीला ओसरी-माजघर आणि मांजराचं वाक्य सांगितलं, तिने वहीच्या मागच्या पानावर पंजा उगारलेलं मांजर काढलंय आणि खाली लिहिलंय ‘बॉट अ ग्लव्ह’. भाषांतर खोडून ‘तो नुसतं पोर आहे’ केलंय. बाईंनी बरोबरची खूण दिली.

आणि हो, साइन-ऑफ आला काल संध्याकाळी. त्या बाईंनी या वेळी नुसतं ‘डन’ लिहिलं, पुढेमागे एक अक्षर नाही. लीडनी सगळ्यांना समोसे खिलवले. हा धागा त्यांना दाखवला नाहीये पण.